जुन्या बंदुकीची किंमत कोणी ठरवायची?



अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे मेडशी गाव आहे. आसपास जंगल आहे आणि जंगलाला लागूनच शेती. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल करणे हे इथल्या शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. त्यामुळे या भागातल्या एखाद्या जुन्या घरात आजही भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली दिसते. आजोबांनी जागलीला नेलेली, मुलाने जपलेली आणि नातवंडांनी केवळ पाहिलेली. अशाच एका बंदुकीने माझ्यासमोर जो प्रश्न उभा केला, तो आज आपल्यासमोर मांडत आहे. त्या कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे.

एका जोडप्याचा संसार अकरा वर्षांनी मोडला. पत्नीने खुला मागितला. दोन्ही घरची वडीलधारी माणसे बसली. महर पंचवीस हजारांचा होता आणि तो निकाहाच्या वेळीच दिला गेला होता. पत्नीने तो परत करावा आणि पतीने खुला मान्य करावा, असे ठरले. मग सामानाची यादी निघाली. भांडी, कपाट, शिलाई मशीन यांवर वाद झाला नाही. शेवटी राहिली ती बंदूक. ती पत्नीच्या आजोबांची. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी ती लेकीच्या हवाली केली होती आणि लेकीबरोबर ती सासरी आली होती. नळी गंजलेली, घोडा जाम झालेला. कोणीतरी म्हणाले, “हत्यार हे पुरुषाचे. ते घरातच राहू द्या.” पती म्हणाला, “भंगारच आहे ते. तरी दोन हजार धरा आणि महरातून वजा करा.” पत्नी थकलेली होती. तिने मान डोलावली. तेवीस हजार रुपये देऊन ती माहेरी गेली.

तीन आठवड्यांनी इशाच्या नमाजनंतर तो तरुण मशिदीत मागे थांबला. म्हणाला, “मौलानासाहेब, बैठकीच्या आधीच मी त्या बंदुकीचा फोटो अकोल्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवला होता. तो साठ हजार म्हणाला होता. मी बैठकीत बोललो नाही. पण मला कोणी विचारलेही नाही. सौदा तर दोघांच्या राजीखुशीने झाला. आता ते पैसे मला हलाल आहेत ना?”

वाचकहो, त्याच्या प्रश्नातला “ना” आपण ऐकला असेल. ज्याला उत्तर ठाऊक नसते, तो असे विचारत नाही. तरीही त्याची बाजू आपण प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे, कारण ती बाजू केवळ त्याची नाही. बाजारात, शेताच्या वाटणीत, जनावराच्या खरेदीत आपण सारेच कधी ना कधी असे म्हणतो: मी खोटे बोललो नाही, समोरच्याने चौकशी करायला हवी होती. हे म्हणणे कितपत टिकते?

आधी मालकीचा प्रश्न घेऊ. कारण वस्तू कोणाची हे ठरल्याशिवाय तिची किंमत काढण्यात अर्थ नाही. अनेकांचा असा समज असतो की निकाह झाला की घरातले सारे एक झाले आणि तलाक किंवा खुला झाला की त्याचे दोन वाटे करायचे. शरीअतमध्ये असे नाही. निकाहाने दोन माणसे जोडली जातात, दोन मालमत्ता एक होत नाहीत. पत्नीचे ते पत्नीचे, पतीचे ते पतीचे. महर तिचा, माहेरहून आलेले तिचे, वारशाने मिळालेले तिचे. आपल्या देशाच्या कायद्यातही हे तत्त्व आहे. 1986च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या तिसऱ्या कलमात, विवाहापूर्वी, विवाहाच्या वेळी किंवा नंतर नातेवाइकांनी, मित्रांनी वा पतीने तिला दिलेल्या सर्व मालमत्तेवर घटस्फोटित स्त्रीचा हक्क सांगितला आहे. त्याआधीच्या 1939च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने तर पत्नीची मालमत्ता परस्पर विकणे किंवा तिला तिच्या मालमत्तेवरील हक्क बजावू न देणे याची गणना क्रूरतेत केली आहे.

मग “हत्यार पुरुषाचे” हे वाक्य आले कुठून? ते अगदीच निराधार नाही. हनफी फिक्हच्या ग्रंथांत एक प्रकरण आहे: पती-पत्नीत घरातल्या सामानावरून वाद झाला आणि कोणाकडेच पुरावा नसला, तर काय करावे? उत्तर असे की जे सामान पुरुषांच्या वापराचे त्यात पतीचे म्हणणे मानावे, जे स्त्रियांच्या वापराचे त्यात पत्नीचे. पुरुषांच्या सामानाची उदाहरणे देताना फकीहांनी धनुष्य आणि चिलखत यांची नावे घेतली आहेत. दोघांच्याही उपयोगाच्या वस्तूंबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम शाफिई यांच्या मते तर वादातील सामान दोघांत समान विभागावे. पण या साऱ्या चर्चेची पहिली अट आपण विसरतो. हा नियम पुरावा नसतानाचा आहे. आमच्या प्रकरणात बंदूक कोणाच्या घरून आली हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होते. जिथे सत्य माहीत आहे तिथे अंदाजाचा नियम पुढे करणे म्हणजे शरीअतचे नाव घेऊन शरीअतलाच बगल देणे होय.

हत्यार आणि स्त्रीचा हक्क यांचा संबंध आपल्या इतिहासात फार जुना आहे. हजरत अली (रजि.) यांचा हजरत फातिमा (रजि.) यांच्याशी निकाह ठरला तेव्हा त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे काही नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांना त्यांच्या हुतमी चिलखताची आठवण करून दिली. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आला आहे. ते चिलखत विकून 480 दिरहम आले आणि त्यातून महर दिला गेला, असे सीरतकार सांगतात. योद्ध्याच्या अंगावरचे चिलखत वधूचा हक्क झाले. तेव्हा एखाद्या लेकीच्या वाट्याला आजोबांची बंदूक आली, तर तीत नवल वाटण्याचे कारण नाही.

आता किमतीकडे येऊ. आपण मराठीत “किंमत” म्हणतो तो शब्द अरबीतून आला आहे. फिक्हमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत. खरेदी करणारा आणि विकणारा आपसांत जी रक्कम ठरवतात ती “समन”, आणि जाणकारांच्या नजरेत वस्तूचे जे खरे मोल असते ती “कीमत”. दोन हजार ही त्या बंदुकीची समन होती. साठ हजार ही, निदान एका व्यापाऱ्याच्या मते, तिची कीमत. या दोहोंत फरक असणे हा स्वतःहून गुन्हा नाही. माणूस जाणूनबुजून स्वस्त देऊ शकतो, भेटही देऊ शकतो. पण त्यासाठी “जाणून” हा शब्द खरा असावा लागतो. जी गोष्ट मला ठाऊकच नाही ती मी राजीखुशीने सोडली, असे कसे म्हणता येईल? राजीखुशीचा पाया माहिती हा आहे. पत्नीने दोन हजारांचे भंगार सोडायला मान डोलावली होती. साठ हजारांची वस्तू सोडण्याविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते.

प्रेषितांच्या (स.) शिकवणीत हे तत्त्व पुन्हा पुन्हा दिसते. माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून त्यांचा माल घेण्यास त्यांनी मनाई केली, आणि अशा विक्रेत्याला बाजारात आल्यावर सौदा मोडण्याचा अधिकार दिला. का? कारण त्याला बाजारभाव ठाऊक नव्हता. वाटेतल्या खरेदीदाराने खोटे बोलणे हीदेखील अट नाही. दुसऱ्याच्या अजाणतेपणाचा लाभ उठवणे हेच पुरेसे मानले गेले.

याच अर्थाचा एक प्रसंग सहाबी हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा आहे. त्यांच्या सेवकाने एक घोडा तीनशे दिरहमला ठरवला. घोडा पाहून हजरत जरीर मालकाला म्हणाले की याचे मोल याहून अधिक आहे. असे करत करत त्यांनी स्वतःच रक्कम आठशेपर्यंत वाढवली. लोकांनी आश्चर्य केले, तेव्हा त्यांनी सांगितले की प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची शपथ मी प्रेषितांच्या हातावर घेतली आहे. विचार करा: घोड्याचा मालक अनोळखी होता. आणि इथे समोर अकरा वर्षांची जीवनसंगिनी होती.

कायद्याच्या भाषेतही आपल्या फकीहांनी हा प्रश्न सोडलेला नाही. उस्मानी काळात, 1869 ते 1876 या वर्षांत सिद्ध झालेल्या “मजल्ला” या हनफी संहितेत गब्न-ए-फाहिश, म्हणजे किमतीतील घोर तफावत, कशाला म्हणावे हे ठरवून दिले आहे: सामानसुमानात विसावा हिस्सा, जनावरांत दहावा आणि जमीनजुमल्यात पाचवा. केवळ तफावत असली तर सामान्यतः सौदा मोडत नाही. पण तफावतीबरोबर फसवणूक असेल, तर नुकसान झालेल्या पक्षाला सौदा रद्द करण्याचा अधिकार आहे. आमच्या प्रकरणात तफावत तीसपटीची. आणि फसवणूक? तो तरुण म्हणत होता की मी केवळ गप्प राहिलो. पण “भंगारच आहे ते” हे शब्द त्याच्याच तोंडचे होते. हे मौन नव्हे. ही खोटी साक्ष होय, मग ती कोणी मागितलेली असो वा नसो.

इथे तो तरुण म्हणाला, “पण व्यापाऱ्याचा भाव तरी खरा कशावरून?” हा आक्षेप योग्य आहे. जुन्या शस्त्राची किंमत ही अतिशय निसरडी गोष्ट आहे. टिपू सुलतान (शहादत 4 मे 1799) यांच्या शयनकक्षातील तलवार 2023च्या मे महिन्यात लंडनमध्ये लिलावाला आली. जाणकारांचा अंदाज पंधरा ते वीस लाख पौंडांचा होता. ती गेली सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांना. आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासाशी जोडलेली रघूजी भोसले यांची तलवार 2025च्या एप्रिलमध्ये लंडनच्याच लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली. त्यासाठी 47 लाख 15 हजार रुपये लागले. पाते युरोपीय घडणीचे, पण त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव होते. त्या नावाने तिचे मोल ठरवले. नाव नसते तर तेच पोलाद कितीला गेले असते? म्हणजे किंमत ही लोखंडात नसते. ती वस्तूच्या खात्रीलायक इतिहासात, तिच्या मूळ अवस्थेत आणि घेणाऱ्याच्या इच्छेत असते.

शिवाय बंदुकीच्या बाबतीत देशाचा कायदा आडवा येतो, आणि तो यावा हेच योग्य. 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, विकता येत नाही. जे शस्त्र जुन्या पद्धतीचे किंवा पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त आहे आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्यालाच त्या कायद्याच्या 45व्या कलमात सूट आहे. नुसता गंज चढला म्हणजे सूट मिळाली असे नाही. आणि ते ठरवणे घरच्या बैठकीचे काम नाही. वारसाहक्काने आलेल्या बंदुकीलाही परवाना लागतो. 2019च्या दुरुस्तीनंतर तर एका व्यक्तीला वारशाच्या धरून दोनच बंदुका ठेवता येतात. शंभर वर्षांहून जुनी ठरलेली पुरातन वस्तू 1972च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून लंडनचा आकडा मोबाइलवर पाहून मेडशीच्या भिंतीवरची बंदूक मोजू नये. जो बाजार आपल्याला कायद्याने बंद आहे, त्या बाजाराचा भाव हा आपला भाव नव्हे. बंदूक चालण्याजोगी निघाली आणि परवाना कोणाकडेच नसला, तर ती आधी पोलीस ठाण्यात जमा करावी. मग किमतीचा विचार करावा. संसार मोडत असलेल्या घरात, जिथे राग नाकावर असतो, तिथे हत्यार भिंतीवर नसणे हीच पहिली काळजी. आपल्या भावाकडे हत्याराचा नुसता रोख धरण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

तेव्हा साठ हजार हा आकडा कदाचित टिकणार नाही. तो वीस हजार निघेल किंवा कायद्यामुळे काहीच हाती येणार नाही. यामुळे त्या तरुणाची सुटका होते का? मला तसे वाटत नाही. त्याने जे केले ते व्यापाऱ्याच्या आकड्याच्या खरेपणावर तोलले जाणार नाही. त्याच्या मनात त्या क्षणी साठ हजार होते आणि ओठांवर भंगार होते. कमी मापून देणाऱ्यांना कुरआनने सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच इशारा दिला आहे: स्वतःसाठी घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी करणारे. तो इशारा धान्याच्या मापापुरता मानणे ही आपलीच सोय आहे. स्वतःसाठी व्यापाऱ्याची नजर आणि पत्नीसाठी भंगारवाल्याची नजर ठेवणे हे दोन मापांनी मोजणेच आहे.

आणि बैठकीने मान्य केले म्हणून काय झाले? हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) बजावले आहे की मीही मनुष्य आहे, एखादा आपली बाजू अधिक चतुराईने मांडेल आणि मी ऐकल्याप्रमाणे निवाडा देईन, पण त्यात त्याला भावाचा हक्क मिळाला असेल, तर तो आगीचा तुकडा समजावा. ज्यांच्या निवाड्याहून मोठा निवाडा नाही, त्यांचा निर्णयही दुसऱ्याचा हक्क हलाल करत नसेल, तर आपल्या पंचांच्या बैठकीचे काय घेऊन बसलात?

याच विषयावर अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक वृत्तांत मला फार जवळचा वाटतो. दोन माणसे जुन्या वारशाचा वाद घेऊन आली. पुरावा कोणाकडेच उरला नव्हता. आगीच्या तुकड्याचा इशारा ऐकून दोघेही रडले आणि प्रत्येक जण म्हणू लागला की माझा हक्क मी याला दिला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना मार्ग सांगितला: वाटणी करा, सत्याचा शोध घ्या, चिठ्ठ्या टाका आणि मग एकमेकांना माफ करा. जुन्या वस्तूंच्या प्रत्येक वादाला हा मार्ग पुरेसा आहे. लक्षात घ्या, माफी शेवटी आहे. आधी सत्याचा शोध आहे.

व्यवहारात हे असे करता येईल. वस्तू कोणाची हे आधी दोन्ही पक्षांनी लेखी मान्य करावे. तिचे वर्णन लिहून काढावे: लांबी, चापाचा प्रकार, तोडेदार की चकमकीची की टोपीची, कुठे काही खूण वा अक्षरे कोरली आहेत का. घासूनपुसून चकचकीत करू नये, कारण जुनेपणाची खूण गेली की मोलही घटते. कायदेशीर स्थिती तपासावी. मग असे दोन जाणकार गाठावेत ज्यांना ती वस्तू विकत घ्यायची नाही. ज्याला घ्यायची आहे तो तिची किंमत कमीच सांगणार. कुरआनने सूरह निसामध्ये पती-पत्नीच्या तंट्यात दोन्हीकडून एकेक पंच नेमण्यास सांगितले आहे. किमतीच्या बाबतीतही तीच पद्धत धरावी. आणि जे एकाला कळले ते दुसऱ्याला त्याच दिवशी कळवावे.

एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही जाणकाराला मोजता येत नाही. त्या मुलीला त्या बंदुकीचे पैसे नको होते. आजोबा जागलीहून पहाटे परतत, बंदूक ओसरीच्या खुंटीला अडकवत आणि नातीला हाक मारत, एवढेच तिला आठवत होते. आठवणीला बाजारभाव नसतो. म्हणून वाटणीच्या कागदावर तिची नोंद होत नाही. पण सूरह बकरामध्ये तलाकच्या हिशेबाचेच नियम सांगत असताना अल्लाह आपल्याला आठवण देतो की एकमेकांशी उदारतेने वागणे विसरू नका. ही आयत प्रेमाच्या दिवसांसाठी आलेली नाही, ती ताटातुटीच्या दिवसासाठी आलेली आहे. ज्याला वस्तूत केवळ पैसा दिसतो त्याने पैसा घ्यावा, आणि ज्याला तीत आपले माणूस दिसते त्याला वस्तू द्यावी. इथे तर पैसाही तिचाच होता.

खुल्याच्या मोबदल्याविषयीही दोन शब्द. साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीने महरात मिळालेली बाग परत करून खुला घेतला, हे प्रसिद्ध आहे. पण हनफी फकीहांनी हेही लिहिले आहे की दोष पतीचा असेल तर त्याने काहीही घेणे मकरूह, आणि दोष पत्नीचा असला तरी दिलेल्या महराहून अधिक घेणे मकरूह. इथे तेवीस हजार रोख आणि वर बंदूक, म्हणजे त्या तरुणाच्या स्वतःच्याच हिशेबाने त्र्याऐंशी हजार झाले. दिले होते पंचवीस. एवढा एक हिशेब मी त्याला कागदावर मांडून दाखवला.

मी फतवा दिला नाही. त्यासाठी दारुल इफ्ता आहे, आणि कायद्याच्या बाजूसाठी वकील आणि पोलीस ठाणे आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, “बाबा, व्यापाऱ्याने तुला जे सांगितले ते तू बैठकीतल्या माणसांना सांग. पुढचे ते बघतील. तुझ्या अंगावर आज फक्त एवढे एक वाक्य आहे.” तो बराच वेळ बसून राहिला. मग चपला घालताना म्हणाला, “लोक काय म्हणतील?” मी म्हणालो, “जे म्हणायचे ते म्हणतील. कयामतच्या दिवशी ते तुझ्या शेजारी उभे नसतील.”

पुढच्या शुक्रवारी तो सासऱ्यांकडे गेल्याचे कळले. बंदुकीची तपासणी व्हायची आहे. किंमत किती निघेल हे अल्लाह जाणे.

वाचकहो, आपल्या घरी बंदूक नसेल. पण एखादी जुनी पेटी, आजीची पैंजणे, दोन गुंठे पडीक जमीन, एखादे नाणे असेल, ज्याचे मोल एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. वाटणीच्या दिवशी ते मोल आधी तोंडाने सांगा, मग हात पुढे करा. अल्लाह आपल्याला पुरे माप देण्याची आणि आपल्या नात्यांना ताटातुटीतही अदब राखण्याची तौफीक देवो. आमीन.